कापड कोरडंच राहिलं पाहिजे

बुधवार, ३ एप्रिल

आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कोणी वाचायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.

निर्णय झाला. घडीचा ट्रेलर घ्यायचा. जुना, पण चांगला. जुन्यातलं चांगलं ओळखायला नजर लागते, आणि ती मला आहे.

निर्णय माझाच. टिनेकाने तो फक्त माझ्याआधी बोलून दाखवला. सकाळी पावावर चॉकलेटचा चुरा भुरभुरवताना ती म्हणाली, वाउटर, माझी कंबर आता जमिनीवर झोपणार नाही. गेल्या वर्षी फ्रान्समध्ये आपला तंबू पाण्यात तरंगला तेव्हाच मी ठरवलं. जमिनीपासून वर असलेला कोरडा पलंग आण, नाहीतर मी खेरदाबरोबर तुर्कस्तानच्या हॉटेलात चालले. तू बस एकटा नदीकाठी बेडकांशी गप्पा मारत.

तंबू तरंगला नव्हता. एका कोपऱ्यातून किंचित सरकला होता. पण ते असो.

खेरदा म्हणजे तिची धाकटी बहीण. हिला हॉटेलं आवडतात, जिथे मनगटावर पट्टा बांधतात आणि दिवसभर खायला घालतात. दहा मेला तिला हॉटेलवाल्यांना नावं कळवायची आहेत. नऊ मेला स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी. म्हणजे त्या दिवशी पलंग उघडून टिनेकासमोर ठेवला की काम फत्ते. महिना आहे हातात. महिन्यात माणसं घर बांधतात.

एक गोष्ट इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. टिनेकाशिवाय मला फ्रान्सला जायचं नाही. स्वयंपाकाचं म्हणून नाही, डबे उघडता येतात मला. पण शेजारी कोणी कूस बदलत नसेल तर मला झोप लागत नाही.

संकल्प: 'मी सांगतो ना' हे दिवसातून एकदाच म्हणायचं. टिनेकाची तशी मागणी आहे. आजचा कोटा संपला.

शनिवार, ६ एप्रिल

दिवसभर इंटरनेटवर जाहिराती पाहिल्या. लोक काय वाट्टेल ते लिहितात. 'थोडासा वापरलेला' म्हणजे उंदरांनी वापरलेला.

मी ह्या विषयात नवखा नाही. आमचा मुलगा मेनो लहान असताना आमच्याकडे घडीचा ट्रेलर होता. निळा. मोटारीमागे नुसती पेटी दिसायची, उघडली की मध्ये तंबू आणि दोन बाजूंना दोन पलंग. पुढे मी तो विकला, कारण तंबू हा जास्त प्रामाणिक प्रकार आहे असं माझं मत झालं. टिनेकाचं म्हणणं, मला तो एकदाही नीट मिटवता आला नाही म्हणून विकला. प्रत्येकाच्या आठवणी वेगळ्या असतात. विकला त्या दिवशी ती माझ्याशी अजिबात बोलली नाही. तिचं डोकं दुखत असावं. मी गोळीसुद्धा आणून दिली.

विक्री मात्र झकास केली होती. पाऊस पडत होता. घेणारा म्हणाला, जरा उघडून दाखवता का. मी म्हणालो, मी सांगतो ना, कोरडं कापड पावसात कधी उघडू नये. ओलं मिटलं की बुरशी, आणि बुरशी आली की संपलं. ह्या देशात कॅम्पिंग करणाऱ्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. त्याने मान हलवली आणि तसाच घेऊन गेला. डाव्या पलंगाच्या फळीला एक बारीक चीर होती, तिच्यावर मी आधीच तपकिरी चिकटपट्टी लावली होती. त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं नाही.

बुधवार, १० एप्रिल

तपासणीची पद्धत पक्की केली. नाक, कान, बोट.

नाक बुरशीसाठी. कान फळ्यांसाठी: टकटक केलं की चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, सडलेलं पुटपुटतं. बोट चौकटीसाठी: कोपऱ्यात दाबायचं, आत गेलं तर नमस्कार करून घरी यायचं.

संध्याकाळी बागेतल्या शेडवर सराव. बोट आत गेलं. म्हणजे पद्धत चालते. टिनेका म्हणाली, आता शेडला भोक पडलं. मी म्हणालो, भोक होतंच, मी फक्त ते शोधून काढलं.

शेजारचा बोएर्समा कुंपणावरून बघत होता. ह्याने यंदा भलंमोठं पांढरं मोटारघर घेतलंय, आमच्या स्वयंपाकघरात त्यामुळे दुपारीच दिवा लावावा लागतो. म्हणाला, अरे, एवढी नाटकं कशाला? उघडून बघायचा, झालं. अडाणी माणूस आहे.

शुक्रवार, १२ एप्रिल

सापडला! कांपेन गावाच्या पुढच्या एका खेड्यात, होफ्स्ट्रा नावाच्या बाईंकडे. फोटो एकच, तोही मिटलेल्या अवस्थेतला. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं तो एकच फोटो टाकतो.

टिनेकाची उद्या गाण्याची तालीम आहे, ती येणार नाही. माझ्या मागे येऊन तिने जाहिरात पाहिली, जरा जास्तच वेळ पाहिली, आणि म्हणाली, उघडल्याशिवाय घेऊ नकोस. एवढं एकच सांगते, वाउटर.

मला हे सांगावं लागतं? मला?

शनिवार, १३ एप्रिल, सकाळी ८

निघतो. चीजचे पाव, थर्मास, टॉर्च, गुडघ्याखाली घ्यायला रबरी चटई. पाऊस आहे. हरकत नाही. बर्चच्या फुलोऱ्याने नाक चोंदलंय. तेही मोकळं होईल.

संध्याकाळी ६

घेतला! अंगणात उभा आहे!

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणाला शिकायचं असेल तर उपयोग होईल. (वाचणार कोणी नाही, पण तरी.)

होफ्स्ट्राबाई सत्तरीच्या, गुलाबी गालांच्या, पायात लाकडी बूट. आधी कॉफी. बिस्किटांचा डबा उघडला, एक बिस्किट मला, एक त्यांना, डब्याचं झाकण घट्ट बंद. इथेच मला कळलं की बाई वस्तू जपून वापरणाऱ्या आहेत.

ट्रेलर गोठ्याच्या पत्र्याखाली उभा. रंग हिरवा, ब्रशने दिलेला. पत्र्याखाली उघडायला जागा नाही, उघडायचा तर बाहेर पावसात. मी पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. नाक: बंद. कान: पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की मी टकटक करतोय की नाही हे मलाच कळेना. बोट: थंडीने बधिर, दाबलं की नाही ते नंतर बघून ठरवावं लागलं.

पण अनुभवी माणसाकडे चौथा मार्ग असतो. विकणारा माणूस वाचायचा.

मी म्हणालो, बाहेर ओढून उघडू या का? बाई म्हणाल्या, आतलं कापड कोरडं खडखडीत आहे, ह्या पावसात उघडलं तर ओलं होईल, आणि ओलं मिटलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मला इतकं बरं वाटलं! बाई पुढे म्हणाल्या, आम्ही ज्यांच्याकडून घेतला त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. आणि त्यांना त्यांच्याआधीच्या मालकाने. तो कोणी उंच मास्तर होता म्हणे, फार शिस्तीचा.

तो मास्तर कुठे आहे कोण जाणे. आमचं छान जमलं असतं.

मग त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं की नवरा असताना त्यांनी हा ट्रेलर एकदाच उघडला. मिटवता मिटेना, शेवटी चार शेजारी बोलावले, त्यातला एक अजूनही बोलत नाही. पुन्हा कधी उघडला नाही. म्हणजे बघा, जवळजवळ न वापरलेला माल!

मागचं झाकण मात्र थोडं उघडता आलं, तिथे छोटं स्वयंपाकघर आहे. वरच्या ड्रॉवरची मूठ मासे पकडायच्या दोऱ्याने दुहेरी गाठ मारून बांधलेली. काय गाठ होती! बाईंना मी म्हणालो, ज्याने ही मारली तो माणूस बुद्धिमान असला पाहिजे. ड्रॉवरच्या आत मात्र कोणा पोराने बॉलपेनने गाय काढून ठेवलीय. पाच पायांची. आईबापांचं लक्ष नसलं की असं होतं. इतकी वर्षं शाळेत शिकवल्याची सवय, ह्याचे गुण मी मनातच कापले.

पुढचं लहान चाक ओढताना कुरकुरलं. कुरकुर ओळखीची वाटली. चांगल्या मालाची कुरकुर अशीच असते.

किमतीच्या बाबतीत मी शांत राहण्याचं तंत्र वापरलं. बाईंनी आकडा सांगितला, मी छताकडे बघत गप्प राहिलो. त्याही गप्प राहिल्या. बाई फारच उत्तम गप्प राहतात. शेवटी मी आकडा मान्य केला, पण कमी करा म्हणायचं मीच टाळलं, हे लक्षात घ्यायला हवं.

घरी आल्यावर टिनेकाने विचारलं, उघडून बघितलास? मी म्हणालो, मी त्याची संपूर्ण तपासणी केली. जेवढं तपासलं तेवढं संपूर्णच तपासलं, त्यामुळे हे खोटं नाही.

रविवार, १४ एप्रिल

पाऊस. उघडला नाही.

ट्रेलर मागे घेताना बोएर्समाच्या कुंपणात थोडा गेला. त्याची झुडपं एवीतेवी छाटायला झालीच होती. तो म्हणाला, रस्त्यावर ठेवलास तर तीन दिवसांनी नगरपालिकेला फोन करीन. म्हणून ट्रेलर अंगणात आणि मोटार रस्त्यावर.

शनिवार, २० एप्रिल

पाऊस थांबला, पण गवत ओलं. दमट हवेत कापड पाणी ओढून घेतं. उघडला नाही.

टिनेका ट्रेलरभोवती दोनदा फिरली. एका कोपऱ्यात नखाने रंग खरवडला. खाली निळा निघाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी समजावलं, मी सांगतो ना, हिरव्याखाली निळा अस्तर म्हणून देतात, त्याने हिरवा टिकतो. ती आत गेली. रंगकामात तिला रस नाही.

रविवार, २१ एप्रिल

ऊन. पण वारा.

शनिवार, २७ एप्रिल

राजाचा वाढदिवस, देशभर सुट्टी. ऊन आहे, वारा नाही, गवत कोरडं. पण आज सगळा गाव दारात चटया टाकून जुन्या वस्तू विकत बसतो. अंगणात ट्रेलर उघडला तर दर मिनिटाला कोणीतरी केवढ्याला म्हणून विचारणार. मिटलेलाच राहू दिला, तरीही दोघांनी विचारलं. एकाने तर कचऱ्याबरोबर जाणार आहे का असं विचारलं.

गुरुवार, २ मे

खेरदा येऊन गेली. ट्रेलरकडे बघून म्हणाली, हे काय, सँडविच टोस्टर घेतलात का? मग माझ्यासमोर टिनेकाला हॉटेलचे फोटो दाखवले. निळा तलाव, पांढऱ्या चादरी, चादरीवर टॉवेलाचे हंस. टिनेका फोटो बघताना हसत होती. हंसाला हसत होती की हॉटेलला, हे मला ठरवता आलं नाही.

जाताना खेरदा म्हणाली, दहा तारखेला सकाळी फोन करते, तेव्हा हो की नाही सांग, ताई. टिनेका म्हणाली, नऊ तारखेला संध्याकाळी कळेल.

मला भूक नव्हती. वाटाण्याचं सूप परत ठेवलं. टिनेकाने वाडग्याकडे पाहिलं.

बुधवार, ८ मे

उद्या. हवामानखातं म्हणतं, दिवसभर ऊन, संध्याकाळी ढग. आता कारण शिल्लक नाही. म्हणजे वाट बघण्याची गरज शिल्लक नाही, असं म्हणायचं होतं.

नाक मोकळं झालंय.

गुरुवार, ९ मे, सकाळी १०

प्रेक्षक हजर. टिनेका बागेतल्या खुर्चीत, कॉफी घेऊन. खेरदाही आलीय, तिला कोणी बोलावलं नव्हतं. बोएर्समा कुंपणापाशी, हातात झुडपं छाटायची कात्री, पण छाटत काही नाही.

मी छोटंसं भाषण केलं. टिनेका म्हणाली, वाउटर, उघड.

१०:२०

पहिली कडी उघडली. दुसरी गंजलीय. बोएर्समाने तेल आणून दिलं. त्याच्याकडे तेल असणारच.

१०:५०

उजवी बाजू बाहेर आली. पलंग मजबूत! टिनेका हाताने दाबून बघतेय. खुर्चीतून उठलीय, हे चांगलं लक्षण.

दुपारी १२, आतून, बसून लिहितोय कारण उभं राहता येत नाही

घडलं ते क्रमाने लिहितो.

डावी बाजू ओढली. कापड वर गेलं. वास आला. आज नाक चालू होतं, त्यामुळे सगळाच आला. खेरदा नाक दाबून बोएर्समाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

पडदे सुटले. पिवळे, लिंबांच्या चित्रांचे. माझ्या मनात पहिला विचार आला, काय योगायोग, ह्या लोकांनाही लिंबंच आवडली! आमच्या निळ्या ट्रेलरमध्ये टिनेकाने शिवलेले अगदी असेच होते.

टिनेका पुढे आली. पडद्याची कड हातात घेऊन तिने एक लिंबू दाखवलं. ते उलटं होतं. म्हणाली, कापड पुरलं नाही म्हणून हा तुकडा मी उलटा जोडला होता. तू म्हणालास, कोणाच्या लक्षात येणार नाही.

मग ती मागे गेली आणि वरचा ड्रॉवर ओढला. दुहेरी गाठ धरून. आत बघितलं आणि तशीच उभी राहिली. मेनोची गाय, ती म्हणाली. शेवटचा पाय नाही तो, शेपूट आहे, असं तो किती रडून सांगायचा.

मेनो आता नॉर्वेत असतो, दाढी आहे त्याला.

बोएर्समा कुंपणावरून म्हणाला, थांब थांब, म्हणजे ह्याने स्वतःचाच ट्रेलर परत विकत घेतला? खेरदा गवतावर बसली. तिला हसून उभं राहता येईना. ताई, ती म्हणाली, ह्याला ट्रेलर ओळखता आला नाही, हा तुला फ्रान्सला काय नेणार!

अशा वेळी माणसाने शांत राहून मूळ मुद्द्यावर यायला हवं. मूळ मुद्दा पलंग. मी म्हणालो, मी सांगतो ना, कोणाचाही असो, माल उत्तम आहे, आणि दाखवण्यासाठी डाव्या पलंगावर जोरात बसलो. बसता बसता तपकिरी चिकटपट्टी दिसली. पट्टी अजून पक्की आहे. फळी मात्र नाही.

खालपर्यंत गेलो.

शुक्रवार, १० मे

पाठ जखडली. काल बोएर्समा आणि खेरदा दोघांनी मिळून मला बाहेर काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सपाट, कडक जागी पडून राहा. गादीवर नको. जमिनीवर उत्तम.

जमिनीवर. मला म्हणाल्या, टिनेकाला नाही.

नंतर बोएर्समा, त्याचे दोन मुलगे आणि खेरदा ह्यांनी ट्रेलर मिटवायचा प्रयत्न केला. मी आडवा पडून सूचना दिल्या. मिटला नाही. मग पाऊस सुरू झाला, कापड भिजलं, आणि आता तो मिटवायचाच नाही, ह्यावर पहिल्यांदाच आम्हा सर्वांचं एकमत झालं.

आज सकाळीच खेरदाने फोन न करता अंगणात उभं राहून विचारलं होतं, ताई, आता सांग, नाव कळवू ना? मी खिडकीतून ऐकत होतो. श्वास घेतला तर पाठ दुखत होती, म्हणून घेतला नाही. टिनेका म्हणाली, तू जा गं. मला पलंग मिळाला.

शनिवार, ११ मे, दुपारी

पाऊस. पुरावा म्हणून लिहितो की आम्ही कॅम्पिंग करतोय. आमच्याच अंगणात, मोटार रस्त्यावर.

टिनेका उजव्या पलंगावर, पांघरूण हनुवटीपर्यंत, लिंबांचा पडदा थोडा बाजूला सारून पुस्तक वाचतेय. मी खाली, ट्रेलरच्या फळीवर, रबरी चटई टाकून, डाव्या पलंगाला पडलेल्या भगदाडातून वर छत दिसतंय. छत थोडं गळतं, पण माझ्या बाजूला. तिने गायीचा फोटो मेनोला पाठवला. त्याचं उत्तर आलं, शेपूट आहे ती, बाबांना सांग.

मघाशी तिने पुस्तक खाली ठेवलं. म्हणाली, वाउटर, तू हा विकलास त्या दिवशी मला डोकेदुखीची गोळी आणून दिली होतीस, आठवतं?

म्हणालो, आठवतं.

म्हणाली, माझं डोकं दुखत नव्हतं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. होफ्स्ट्राबाईंइतकं चांगलं नाही, पण जमलं. मग वर पलंग करकरला, टिनेकाने कूस बदलली, आणि मला झोप यायला लागली.

'मी सांगतो ना'चा आजचा कोटा तसाच शिल्लक आहे.